मीरासाबच्या मोटारीचे दिवे

राजाराम महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरातून इचलकरंजीला ज्या सर्व्हिस मोटारी सुटत, त्यांतली एक बसाप्पा गूळवाल्याची होती आणि ती मीरासाब चालवायचा. मोटार म्हणजे काय, तर अमेरिकेहून आलेलं इंजिन आणि त्यामागे इथल्याच सुतारानं चढवलेली लाकडी पेटी. आत समोरासमोर दोन लांब बाकं. चौदा माणसं बसतील असं पाटीवर लिहिलेलं होतं आणि बसायची बावीस. टपावर मागांवरच्या लुगड्यांची गाठोडी, कोंबड्यांची खुराडी, कधी एखादी खाट. एवढं ओझं घेऊन ती मोटार कण्हत-कुथत अठरा मैल जायची, आणि मीरासाब असा ताठ बसायचा की जणू दरबाराचीच स्वारी घेऊन निघालाय.

त्याला ताठ बसायचा हक्क होता. पंधरा वर्षं त्यानं स्टेशनवर टांगा हाकला होता. मोटार शिकला ती कुणाच्या हाताखाली नाही, तर एका इनामदाराची मोटार धुता धुता, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तेव्हा लोक हसले होते. आता बावन्नाव्या वर्षी त्याला रस्त्यानं जाताना लोक "डायवर" म्हणून हाक मारत, आणि ही हाक ऐकली की दाढीतलं हसू त्याला लपवता येत नसे. नावाला बट्टा नव्हता. चौदा वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडंसुद्धा आलं नव्हतं, हे तो स्वतःच सांगायचा आणि जरा जास्तच वेळा सांगायचा.

सकाळी आठला कोल्हापूर सोडायचं, दहाच्या सुमाराला इचलकरंजी गाठायची, दिवसभर तिथंच थांबायचं आणि संध्याकाळी पाचला परत निघायचं, असा क्रम. उन्हाळ्यात मोटार उजेडीच पंचगंगेच्या पुलावर येई. पण दिवाळी सरली की हातकणंगल्यातच दिवेलागण व्हायची आणि पुढचा सगळा रस्ता मोटारीच्या दोन दिव्यांवर काढावा लागायचा. त्या वर्षी ह्या दोन दिव्यांनी मीरासाबच्या नाकी नऊ आणले होते.

बल्ब लिंबाएवढा. सहा व्होल्टचा, दाबून फिरवला की खोबणीत बसणारा. लक्ष्मीपुरीत शमशुद्दीनचं मोटारीच्या सुट्ट्या सामानाचं दुकान होतं, तिथं तो तीन तऱ्हेचा मिळे. विलायती दीड रुपयाला, जपानी सहा आण्याला, आणि मोडीत निघालेल्या मोटारीतून काढलेला जुना, ज्याचा भाव शमशुद्दीन गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगे. दुकानाची रीत मात्र चोख होती. फळीवर एक बॅटरी कायमची ठेवलेली असे. बल्ब तिला लावून पेटवून दाखवायचा, गिऱ्हाइकानं तो कानाशी हलवून आतली तार सैल नाही ना हे बघायचं, आणि मगच पुडी बांधायची. आठ दिवसांत गेला तर बदलून मिळे. नवव्या दिवशी गेला तर शमशुद्दीन ओळखसुद्धा दाखवत नसे.

बसाप्पा हा माणूस टायरला नाही म्हणायचा नाही, पेट्रोलला नाही म्हणायचा नाही, पण बल्बला म्हणायचा. "दीस मावळल्यावर तास-दीड तासाचं काम. त्याला दीड रुपयाचा दिवा कशाला पायजे?" हे त्याचं गणित. म्हणून पहिली जोडी जपानी घेतली. तिसऱ्याच दिवशी चोकाकच्या खड्ड्यात उजवा बल्ब फटदिशी गेला. पुढच्या आठवड्यात डाव्याची काच पितळी टोपीतून सुटून लटलटायला लागली. मीरासाबनं दोन्ही नेऊन शमशुद्दीनच्या फळीवर आपटले आणि दुकानात होते-नव्हते तेवढ्यांना ऐकू जाईल असा उद्धार केला. ह्यात त्याची काही चूक नव्हती. पण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला. पहिले दोन बल्ब खरोखरच नादान निघाले, त्यामुळं नंतर येणारा प्रत्येक बल्ब नादानच असणार हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

बसाप्पाच्या मागं लागून त्यानं विलायती जोडी घेतली. तिचाही उजेड पडेना. दिवा पेटायचा, पण मोटारीच्या नाकापुढं चार हात काय ते दिसायचं. त्यापलीकडं डांबर फासल्यासारखा काळोख. मीरासाबनं बॅटरी चार्ज करून आणली, वायरींची टोकं खरवडली, दिव्यांच्या काचा पुसून पुसून लखलखीत केल्या. काही उपयोग नाही. सहाव्या दिवशी तो परत दुकानात हजर.

"अवो मीरासाबभाई, हितं तर भित उजळतीया की!" शमशुद्दीननं बल्ब बॅटरीला लावून दाखवला.

"मी काय भितीवर मोटार चालवतो व्हय? रस्त्यावर चल, मग कळंल तुला."

जुनं गिऱ्हाईक, त्यात तापट. शमशुद्दीननं निमूट बल्ब बदलून दिले. त्याही जोडीची तीच गत. मीरासाबनं ती परत केली आणि तिसरी आणली. आता तो बल्ब पारखायला बसला की दुकानातली माणसं एकमेकांना डोळे घालायची.

अशात एके संध्याकाळी अतिग्र्याच्या पुढं तो प्रसंग झाला. मोटार गच्च भरलेली. मीरासाबच्या पाठीशीच, नेहमीच्या जागेवर, अंबूबाई बसली होती. ही कोल्हापूरची म्हातारी इचलकरंजीची लुगडी आणून घरोघर विकायची, साठी उलटली तरी गाठोडं स्वतः उचलायची आणि मोटारीत तोंडाला खीळ कशी ती नव्हती. बोलता बोलता ती एकदम किंचाळली.

"अरं गाडी! गाडी हाय म्होरं! दाब की मुडद्या!"

मीरासाबनं दोन्ही पाय दाबले. मोटार आडवी-तिडवी होत थांबली आणि तेव्हा कुठं त्याला उसाचे शेंडे दिसले, अगदी बॉनेटला टेकलेले. उसानं भरलेली बैलगाडी होती. तिला कंदील नव्हता, आणि गाडीवान उसावर आडवा होऊन झोपला होता. मग काय, सगळ्या मोटारीनं खाली उतरून गाडीवानाला फाडून खाल्लं. मीरासाब सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. गाडीवान हात जोडून उभा राहिला आणि प्रकरण मिटलं. पण मीरासाब परत चाकावर बसत असताना अंबूबाई म्हणाली, "मला लांबनंच दिसली की रं. मला वाटलं, तुला बी दिसली आसंल."

"तुझं काय जातंय, तू नुसती बसलीयास," मीरासाब म्हणाला. "ह्या दिव्यात काय दिसतंय कप्पाळ!"

बसाप्पाच्या कानावर ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गेली. तो शाहूपुरीत आपल्या गुळाच्या दुकानात बसला होता. त्यानं मीरासाबला समोर बसवून घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "मीरासाब, मोटारीचं नुकसान झालं तर सोशीन. पर माणसाला काय झालं, तर म्या तोंड कुठं दाखवू? त्या दिशी मोटार इकीन, बग." मीरासाब मान खाली घालून ऐकत राहिला. मोटार विकली तर आपलं काय? ह्या वयात नवा मालक कोण ठेवून घेणार होता? टांगा केव्हाच विकलेला. घरी तो आणि बायको लालबी, दोघंच, पण दोघांनाही चूल लागतेच.

त्याच आठवड्यात पिराजी भेटला. पिराजी सांगलीची मोटार चालवायचा, तिशीचा, बडबड्या आणि मीरासाबला गुरू मानणारा. स्टँडवर मीरासाब नुकताच येऊन उतरला होता, तर हा हसत पुढं आला.

"मामू, तुमचं उपकार झालं बघा. तुमी परत केलेली विलायती जोडी शमशुद्दीननं मला आठ आण्यानं कमी लावली. काय उजेड पडतोय म्हणून सांगू!"

"त्या बल्बचा?"

"त्याच की. चला, पुलापतोर चक्कर मारू. खोटं वाटत आसंल तर डोळ्यानं बघा."

मीरासाब त्याच्या शेजारी बसला. मोटार पुलावर आली. पिराजीनं चाल कमी केली आणि बोट दाखवलं. "त्यो कठड्यावर बसलेला म्हातारा बघा. मुंडाशाचा रंगसुदीक कळतोय. बिडी वडतोय बघा कसा."

मीरासाबला बिडीचा लाल ठिपका दिसला. म्हातारा दिसला नाही. त्यानं डोळे चोळले, पुढं वाकला, काच पुसली. ठिपका जवळ आला, बाजूनं गेला आणि मागं पडला. म्हातारा काही दिसला नाही.

"दिसला न्हवं?" पिराजीनं विचारलं.

"व्हय की," मीरासाब म्हणाला. "झक्क हाय उजेड."

घरी परतताना तो रोजच्या गल्लीत भिंतीला हात लावत लावत गेला, आणि आपण गेले दोन महिने असेच हात लावत येतोय हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लालबीनं ताट वाढलं. ताटात कलेजी होती. गेल्या जुम्म्यालाही होती, त्याच्या आदल्या जुम्म्यालाही. बायको आपले लाड करतेय असं समजून त्यानं ती मिटक्या मारत खाल्ली होती. आज घास हातातच राहिला. रातांधळ्या माणसाला कलेजी चारतात हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"लोटा म्होरं आसला तरी तुमी चाचपत हुता, तवाच," लालबी म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय करू? तुमी बलबाला शिव्या देत हुता. म्हटलं, देऊ द्या. कलेजीनं उतार पडला तर बोलायची येळच याची न्हाय." तिनं लोटा त्याच्या हाताशी सरकवला. "अवो, दिसाचं कायतरी काम बघा की."

"दिसाची मोटार कुठं आसती गं? सकाळी नेली की सांजचं आणायलाच पायजे. आन् येकदा का डोळ्याचं कळलं, तर सरकार परवाना काढून घेणार. मग सकाळचं बी न्हाय."

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

आता इथं मीरासाबचं चुकलं, आणि तो कितीही भला असला तरी चुकलं असंच म्हटलं पाहिजे. त्यानं दुसऱ्याच दिवशी बसाप्पाकडं जायला हवं होतं. तो गेला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं बारा दिवस मोटार चालवली. रस्ता त्याला पाठ होता. कोरोचीचा उतार, हातकणंगल्याच्या रुळांचे दोन दणके, चोकाकचा खड्डा, हेर्ल्याजवळ गुऱ्हाळाचा वास आला की डावं वळण. ह्या हिशेबावर तो अंधारात मोटार हाकायचा. चाल इतकी कमी की सायकलवालेसुद्धा पुढं जायचे. आणि हॉर्न मात्र सारखा. अंधार पडला की जो हात भोंग्यावर जायचा तो पुलावर येईपर्यंत निघायचा नाही. उतारू चेष्टा करत. "मीरासाब, वरात हाय काय कुणाची?" तो हसायचा आणि त्याच्या पाठीवरून घामाची धार वाहत असायची, भर थंडीत.

त्याला वाटे, कुणीतरी ओळखावं. कुणीतरी खसकन ओढून खाली उतरवावं. पण चौदा वर्षांचं नाव असं की कुणाच्या मनात शंकाच येईना. सगळे बल्बलाच नावं ठेवत. मीरासाबनंच त्यांना तसं शिकवलं होतं.

तेराव्या दिवशी बसाप्पा स्वतः मोटारीतून इचलकरंजीला आला. त्याचं मागवाल्यांकडं काम होतं. परतताना पुढच्या सीटवर मीरासाबच्या शेजारी बसला. कबनूरला पिराजी चढला. त्याची मोटार दुरुस्तीला पडली होती, म्हणून तो मेव्हण्याकडं गेला होता. अंबूबाई तिच्या जागेवर होतीच. हातकणंगल्याला पोचेपर्यंत दिवस बुडाला. मीरासाब दिवे लावायला बटणाकडं हात नेणार, तेवढ्यात बसाप्पानं त्याचा दंड धरला.

"थांब," तो म्हणाला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक पुठ्ठ्याची पेटी काढली. कापसात गुंडाळलेले दोन बल्ब. "मुंबईस्नं मागवल्यात. आमचा गुळाचा दलाल हाय तितं, त्यानं साताठ दुकानं हिंडून घेतल्यात. ह्याच्या वरचा माल हिंदुस्थानात मिळत न्हाय म्हंत्यात. घाल."

बल्ब बसवले पिराजीनं. अंधारात खोबणी चाचपणं मीरासाबला कुणाला दाखवायचं नव्हतं. तो चाकावर बसून राहिला. पिराजीनं काचा बसवल्या, बाजूला झाला आणि ओरडला, "लावा मामू!"

मीरासाबनं बटण फिरवलं. मोटारीतून एकच गलका उठला.

"आगं बया! दिस उगवला की रं!" अंबूबाई म्हणाली. मागची माणसं उठून पुढं डोकावायला लागली. कुणी म्हणालं झाडाची पानं मोजून घ्या, कुणी म्हणालं स्टेशनाची पाटी वाचता येतीया. बसाप्पाचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

मीरासाबच्या पुढं बॉनेटजवळ एक पांढरट धुरळा होता. त्यापलीकडं काळोख, कालच्याइतकाच.

"दिसतंय न्हवं आता?" बसाप्पानं विचारलं. मग तो जरा जवळ सरकला आणि हळू आवाजात बोलला. "मीरासाब, तू दिवाळीपास्नं सांगत हुतास आन् म्या चिकटपणा केला. त्या उसाच्या गाडीचं ऐकल्यापास्नं मला झोप न्हाय. बावीस माणसं माझ्यापायी गेली आसती. माझं चुकलं. मनात धरू नगंस."

मीरासाबला हे सोसलं नाही. शिव्या सोसल्या असत्या. मोटार विकली असती तरी सोसलं असतं. पण त्याच्या खोटेपणाचं पाप हा माणूस आपल्या डोक्यावर घेत होता आणि वर माफी मागत होता. त्यानं चाकावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"अण्णा, दिवा चांगला हाय," तो म्हणाला. "ह्याच्या आदीचा बी चांगला हुता. त्याच्या आदीचा बी."

"म्हंजी?"

"मलाच दिसत न्हाय. अंधार पडला की मला काय बी दिसत न्हाय, अण्णा."

गलका थांबला. बसाप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. पिराजी दिव्यापुढं उभा होता, तो तिथंच उभा राहिला.

"कवापास्नं?" बसाप्पानं विचारलं.

"दिवाळीपास्नं. पर मला कळून बारा दीस झालं."

"आन् बारा दीस आमाला घिऊन चाललायास?" हे अंबूबाई बोलली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "लेकीबाळी बसत्यात रं ह्या मोटारीत."

"यप्पा शिवा," बसाप्पा कानडीत पुटपुटला. बराच वेळ तो हातातल्या रिकाम्या पेटीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "उतर, मीरासाब."

मीरासाब उतरला. पिराजी मान खाली घालून, "मामू, जरा," असं काहीतरी म्हणत चाकावर बसला. मीरासाब मोटारीच्या कडेकडेनं हात लावत मागं गेला आणि दाराशी थांबला. आत माणसं गच्च होती. कुणी हललं नाही. शेवटी अंबूबाईनंच गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि बाकावर थाप मारली. "बस हितं. हुबा किती राहशील?"

चौदा वर्षांत तो ह्या मोटारीत बाकावर कधी बसला नव्हता. मोटार निघाली. पिराजीनं चाल धरली आणि मीरासाबनं बाकाची कड घट्ट धरली, कारण ह्या चालीनं ह्या रस्त्यावर तो दोन महिन्यांत गेला नव्हता. हॉर्न वाजत नव्हता. अंबूबाई पिराजीच्या खांद्यावरून पुढं बघत होती.

"काय दिसतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"समदं दिसतंय की."

"समदं म्हंजी काय, ते सांग."

ती जरा घुटमळली. मग सांगायला लागली. "चिंचंचं झाड हाय. बांध हाय. कुत्रं चाललंय कडंनं. पलीकडं येक बाई हाय, डोक्यावर भारा, आन् कडंवर पोरगं. थांबलीया बिचारी, मोटार जाऊ दे म्हणून. पोरगं दिवं बघतंय."

मोटार पुढं गेली. मीरासाब मान वळवून उजवीकडं बघत राहिला. बाई हातभर अंतरावरून गेली असणार. त्याला काही दिसलं नाही.

"लई लांबनं दिसली काय गं?"

"तर! चिंचंच्या बी अलीकडनं."

ह्याच रस्त्यानं, ह्याच वेळेला, ती बाई रोज जात असणार. भारा घेऊन, पोर घेऊन. चौदा वर्षांत कोंबडंसुद्धा चाकाखाली आलं नाही असं तो सांगत फिरायचा, पण गेले दोन महिने त्यानं कुणालाच वाचवलं नव्हतं. हॉर्न ऐकून माणसंच आपापला जीव घेऊन बाजूला झाली होती, आणि त्याला त्यांतलं एकही माणूस दिसलं नव्हतं.